दुकानात सरळ, जत्रेत वाकडं: टीव्ही बसवलेल्या गेम मशीनचं चित्र मान का मुरडतं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. जुन्या व्हिडिओ गेमच्या पेटीतला मॉनिटर जळाला म्हणून तिथे २१ इंची ट्यूबचा टीव्ही बसवलाय. सुरू केलं की रंग ठीक, आकार ठीक, सगळं ठीक. मग खेळता खेळता मधूनच चित्राचा वरचा चार बोटांचा भाग उजवीकडे लवतो, वाऱ्यावर ज्वारीचं कणीस लवावं तसा. क्षणभरात सरळ होतो. कधी अख्खं चित्र एक उडी मारून जागेवर येतं. पेटी दुकानात आणली की यातलं काहीच होत नाही, आणि परत नेली की पुन्हा तेच.

माझ्याकडे अशी एक पेटी एकाच हंगामात तीनदा आली. माझं दुकान परतवाड्याजवळच्या एका गावात आहे. पाटीवर टीव्ही दुरुस्ती लिहिलंय, पण आता येतात ते फवारणी पंपाचे चार्जर, मिक्सर आणि मोटारीचे स्टार्टर. ट्यूबचे टीव्ही लोक भंगारवाल्याला किलोच्या भावाने देतात. त्यातले बरे मी ठेवून घेतो, आणि त्यातलाच एक या पेटीत गेला.

पेटीचे मालक जत्रांमध्ये पाळण्याच्या बाजूला गेमचा तंबू लावतात. वयाने माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. बहिरमची जत्रा डिसेंबरच्या २० तारखेला सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते, त्यामुळे काकांची वर्षाची निम्मी कमाई तिथेच होते. दुसऱ्या आठवड्यात पेटी छोट्या हत्तीत घालून दारात हजर.

"काय झालं काका?"

"टीव्ही मान वाकडी करून राह्यला ना भाऊ. पोट्टे पैसे वापस मागतात."

मी प्लग लावला. अर्धा तास, एक तास. चित्र गज लावल्यासारखं सरळ.

"इथं तर मस्त चालून राह्यला."

"तुह्या दुकानात शहाणा होते तो. माह्या तंबूत आला का माजते."

हे वाक्य मी हसण्यावारी नेलं. खरं तर निदान त्यातच होतं.

आता थोडं मागे जाऊन जोडणी कशी केली होती ते सांगतो, कारण चूक माझ्याच जोडणीत होती.

पेटीतला गेम म्हणजे आपला मुस्तफा. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. त्यातल्या मुस्तफा कायरो या गड्याच्या नावाने आपल्याकडे तो ओळखला जातो; मूळ नाव सांगितलं तर कोणी ओळखणारही नाही. अशा मशीनला टीव्ही चालेल का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आकडेच बघा. १९८२ साली आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं ते पाल पद्धतीचं: ६२५ रेषांचं पूर्ण चित्र, सेकंदाला २५ वेळा. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. मुस्तफाच्या मूळ बोर्डाचा पिक्सेल क्लॉक (चित्राचे ठिपके ठोक्याठोक्याने पाठवणारं घड्याळ) ८ मेगाहर्ट्झ, आणि एका रेषेला ५१२ ठोके. ८० लाख भागिले ५१२ करा: बरोबर १५,६२५. किंग ऑफ फायटर्स ९७ ज्या निओ जिओ बोर्डावर चालतो तिथे ६ मेगाहर्ट्झ भागिले ३८४, उत्तर पुन्हा १५,६२५. गावोगावी ज्या दोन गेमनी पोरांचे खिसे रिकामे केले, त्या दोन्हींची आडवी चाल, म्हणजे सेकंदाला किती रेषा, दूरदर्शनशी तंतोतंत जुळते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गणित दोनदा करून पाहिलं होतं.

फरक आहे तो उभ्या चालीत, म्हणजे सेकंदाला किती चित्रं यात. मुस्तफाच्या एका चित्रात २६२ रेषा असतात, म्हणून सेकंदाला साधारण ५९.६ चित्रं, निओ जिओच्या २६४, म्हणून ५९.२. टीव्हीला सवय ५० ची, कारण तो एक पूर्ण चित्र दोन अर्ध्यांत काढतो. पण नव्वदीनंतरच्या बहुतेक किटमधला (किट म्हणजे टीव्हीच्या आतलं सर्किट बोर्ड) जंगल आयसी, म्हणजे चित्र सांभाळणारा मुख्य आयसी, रेषा मोजून ५० की ६० हे स्वतःच ओळखतो. फक्त चित्राची उंची ६० साठी वेगळी बसवावी लागते. सर्व्हिस मेनूत (मेकॅनिकसाठीच्या छुप्या मेनूत) तिचा वेगळा आकडा असतो. डीव्हीडी प्लेयरचं आउटपुट एनटीएससीवर (६० वाल्या पद्धतीवर) टाकून ती आधीच बसवून घ्या, कारण पुढच्या जोडणीनंतर मेनू पडद्यावर दिसेलच याची खात्री नाही.

सगळेच बोर्ड इतके गुणी नसतात. मॉर्टल कॉम्बॅट सेकंदाला ५४.७ च्या आसपास चालतो, आर-टाइप ५५ वर. त्यांच्यासाठी टीव्ही आधी टेबलावर तपासा, मग पेटीत बसवा.

तर जोडणी. बोर्डावर ५६ पिनांचा जामा जोड असतो, एका बाजूला १ ते २८ आकडे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरं. अक्षरं मोजताना जी, आय, ओ आणि क्यू गाळलेली असतात; इथे चुकलात तर सगळंच चुकतं. लाल १२ वर, हिरवा त्याच्या समोर एन वर, निळा १३ वर, सिंक (रेषा आणि चित्र कधी सुरू करायचं ते टीव्हीला सांगणारा सिग्नल) त्याच्या समोर पी वर, आणि व्हिडिओचा ग्राउंड १४ वर. लाल, हिरवा, निळा टीव्हीच्या जंगल आयसीच्या त्या पायांवर न्यायचे, जिथे मायक्रो आयसीकडून (रिमोट आणि बटणं सांभाळणाऱ्या आयसीकडून) आवाजाची पट्टी आणि चॅनलचा आकडा येतो. त्याच्या शेजारचा ब्लँकिंगचा पाय १ ते ३ व्होल्टवर धरून ठेवायचा, म्हणजे टीव्हीला वाटतं की अख्ख्या पडद्यावर आकडेच दाखवायचे आहेत. सिंक मागच्या पिवळ्या एव्ही सॉकेटमध्ये. पायांचे नंबर आयसीप्रमाणे बदलतात, त्यामुळे डेटाशीट उघडल्याशिवाय सोल्डर मारू नका. नंतरच्या काही किटमध्ये मायक्रो आणि जंगल एकाच आयसीत आहेत. तिथे या वायरी बाहेर दिसतच नाहीत. म्हणून मी भंगारातून किट निवडताना दोन वेगळे मोठे आयसी असलेलंच उचलतो.

जिवाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. २३० व्होल्ट सरळ केले की टीव्हीच्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट उभे राहतात, ट्यूबच्या टोपीवर वीस-पंचवीस हजार. प्लग काढला तरी दोन्हीकडे चार्ज उरतो. टोपी उतरवायच्या आधी ट्यूबच्या बाहेरच्या वेणीला वायर बांधलेला पेचकस टोपीखाली सरकवून चार्ज उतरवा, आणि एक हात खिशात ठेवा. दुसरं, किटवर दोन वेगळे ग्राउंड असतात: एसएमपीएसच्या (टीव्हीच्या आतल्या पॉवर सप्लायच्या) बाजूचा गरम, एव्ही सॉकेटच्या बाजूचा थंड. गेमचा बोर्ड फक्त थंडाला जोडायचा. मी सुरुवातीच्या काळात एकदा एसएमपीएसच्या हीटसिंकवरून ग्राउंड घेतला होता. बोर्ड गेला, फ्यूज गेला, आणि मी वाचलो तो पायात रबरी चप्पल होती म्हणून. प्लग बाहेर ठेवून त्याच्या पिना आणि एव्ही सॉकेटची बाहेरची कडी यांत मीटर लावा. मेगाओममध्ये रीडिंग आलं पाहिजे. त्याहून कमी आलं तर तो टीव्ही पेटीसाठी नाही. आणि जत्रेत पोरं अनवाणी असतात, नाण्याचा दरवाजा लोखंडी असतो. तंबूपाशी अर्थिंगची सळई ठोकून ती त्या दरवाज्याला जोडा. काकांच्या तंबूत ती नव्हती. आता आहे.

गेमच्या बोर्डातून रंग ३ ते ५ व्होल्टपर्यंत येतात, टीव्हीला हवे ०.७. सिंकही बोर्डातून ४ व्होल्टच्या आसपास येतो, टीव्हीला त्याचा छोटासा तुकडा पुरतो. म्हणजे मध्ये रेझिस्टन्स टाकून व्होल्टेज भागायचं. मी एक छोटी पट्टी बनवली: प्रत्येक रंगाला एक प्रीसेट (पेचकसाने फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स), सिंकला १ किलोओम आणि त्याच्यापुढे ग्राउंडला ७५ ओम. पट्टी बसवली जामा जोडाच्या शेजारी, कारण तिथे लाकडात दोन स्क्रू मारायला जागा होती. तिथून दीड मीटर वायर टीव्हीपर्यंत. आणि ग्राउंड घेतला पेटीतल्या पाच-बारा व्होल्टच्या सप्लायच्या टर्मिनलवरून, कारण तिथे एक स्क्रू मोकळा होता. जागा होती म्हणून आणि स्क्रू मोकळा होता म्हणून, ही दोन कारणं लक्षात ठेवा.

पहिल्यांदा पेटी आली तेव्हा मी टीव्हीवर संशय घेतला. उभ्या चालीच्या भागातले कंडेन्सर बदलले, एफबीटीचे (ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे) आणि योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलच्या) सॉकेटचे सोल्डर नवे केले. काही टाके खरंच ड्राय, म्हणजे आतून सुटलेले, होते, त्यामुळे मला वाटलं रोग सापडला. पाच दिवसांनी पेटी परत.

दुसऱ्यांदा सगळ्यांनी मिळून जनरेटरवर खापर फोडलं. काका म्हणाले जनरेटरची लाइन खराब, जनरेटरवाला म्हणाला टीव्ही खराब, आणि मी दोघांना खूश ठेवायला स्टॅबिलायझर लावला. काकांचे पैसे वाया गेले. तेव्हा थोडा विचार केला असता तर जनरेटर निर्दोष आहे हे दुकानात बसूनच कळलं असतं. लाइनचा ५० हर्ट्झचा गुरगुराट दूरदर्शन बघताना जवळजवळ स्थिर पट्ट्यासारखा दिसतो, कारण चित्रही ५० चं असतं. पण गेमचं चित्र ५९.६ चं. तिथे हाच गुरगुराट सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथरताना दिसेल, आणि सतत दिसेल. क्षणभर मान मुरडून सरळ होणं हे त्याचं लक्षणच नाही.

तिसऱ्यांदा मी किटच बदललं. दुसऱ्या टीव्हीतलं चांगलं किट काढून बसवलं. चार दिवसांनी फोन: "भाऊ, नवीन बी वाकडाच हाय."

मग मी मीटर पिशवीत टाकून बहिरमला गेलो. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-बैतूल रस्त्यावर. रात्रीचे आठ, कडाक्याची थंडी, हंड्यांमधून मटणाचा वास आणि गोवऱ्यांच्या आरात भाजणारे रोडगे. भाच्याला सोबत नेलं होतं, त्याचं लक्ष रोडग्यांकडे. मी तंबूत खुर्ची टाकून बसलो आणि कशालाही हात न लावता फक्त बघत राहिलो.

पंधरा मिनिटं काही नाही. मग एका पोट्ट्याने बॉम्ब टाकला, स्पीकर दणाणला आणि चित्राने मान मुरडली. पुढे डायनासोर ओरडला, पुन्हा मुरडली. गाडीच्या टप्प्यात तर सारखीच. आवाज आणि मान, दोन्ही एकाच क्षणी.

"काका, आवाज कमी करा जरा."

"आवाज कमी केला तर बाजूच्या पाळण्यापुढं माहं मशीन ऐकू तरी येईल का?"

तरी केला. आवाज अर्ध्यावर आला आणि मान सरळ झाली. पुन्हा पूर्ण केला, मान वाकडी. भाचा म्हणाला, "मामा, दुकानात तर आपण आवाज ठेवतच नाही. आजी ओरडते." माझी आई दुकानामागच्या खोलीत झोपते, दुपारची. तीन वेळा मी त्या पेटीची तपासणी आवाज जवळजवळ बंद ठेवून केली होती. काका म्हणाले होते तसंच: दुकानात शहाणा, तंबूत माजोरा.

आता हे होतं कसं. आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर गेमच्या बोर्डावरच असतो आणि १२ व्होल्टवर चालतो. बॉम्ब फुटला की तो एकदम करंट ओढतो, आणि तो करंट बोर्डाच्या ग्राउंड पिनांमधून, जामाच्या जोडातून, वायरीतून सप्लायकडे परत जातो. त्या वाटेत थोडाही अडथळा असला तर बोर्डाचा ग्राउंड सप्लायच्या ग्राउंडपेक्षा क्षणभर वर उचलला जातो. बोर्डाच्या नजरेत काहीच बदललेलं नसतं. पण मी टीव्हीला शून्य दिलं होतं सप्लायच्या टर्मिनलवरून. म्हणजे बोर्ड एका ओट्यावर उभा राहून बोलतोय आणि टीव्ही दुसऱ्या ओट्यावरून ऐकतोय, आणि प्रत्येक बॉम्बला पहिला ओटा हलतोय.

काट्याचं मीटर काढलं. एक टोक बोर्डाच्या १४ नंबर पिनेला, दुसरं एव्ही सॉकेटच्या कडीला. आवाज बारीक असताना काटा जागेवर थरथरत होता. पूर्ण आवाजात प्रत्येक दणक्याला तो ०.३ व्होल्टपर्यंत उसळायचा. या कामाला डिजिटल मीटर घेऊ नका. तो थांबून थांबून मोजतो, क्षणभराचा दणका त्यात हरवतो. माझ्याकडे स्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) नाही आणि हे काम त्याच्यावाचून होतं.

०.३ व्होल्ट तसे काहीच नाहीत. पण सिंक किती उरला होता ते मोजलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एव्ही सॉकेटच्या आत टीव्हीचा स्वतःचा ७५ ओम असतोच. मी पट्टीवर आणखी एक ७५ टाकला होता. दोन मिळून झाले साडेसदतीस. १ किलोओममधून ४ व्होल्ट साडेसदतीस ओमवर आले की उरतात ०.१५ व्होल्टसुद्धा नाहीत. टीव्हीला सिंक हवा ०.३. आणि या मरतुकड्या सिंकवर ग्राउंडचा दणका बसत होता निदान त्याच्याच मापाचा, कारण भागाकार मी बोर्डाजवळ करून टाकला होता. पुढच्या दीड मीटरच्या प्रवासात सिंक आधीच बारीक झालेला, पण दणका मात्र भागला गेलेला नव्हता.

भागाकार टीव्हीच्या दारात करायचा असतो. बोर्डाकडून पूर्ण ४ व्होल्टचा सिंक वायरीतून येऊ द्या आणि एव्ही सॉकेटला लागूनच ४७० ओम टाका. पुढचा ७५ टीव्हीत आहेच, दुसरा टाकू नका. टीव्हीला अर्ध्या व्होल्टच्या आसपास सिंक मिळतो, आणि वाटेत जो काही दणका मिसळला असेल तो सिंकसोबतच सात-आठ पटीने बारीक होतो. रंगांचे प्रीसेटही तिथेच न्या.

तंबूतच हे काम केलं, टॉर्चच्या उजेडात. जनरेटरवर सोल्डर गन हळू तापते, त्यामुळे वेळ लागला. टीव्हीचा ग्राउंड सप्लायच्या टर्मिनलवरून काढला आणि जाड वायरीने थेट १४ नंबर पिनेवर नेला. सिंकची वायर त्याच्यासोबत पीळ देऊन. आवाज पूर्ण ठेवून काकांनीच बॉम्ब टाकला. मान हलली नाही.

पण इथे थांबायचं नसतं. बोर्डाचा ग्राउंड उचलला का जात होता, तो दोष अजून तसाच होता. बोर्ड जोडातून बाहेर काढला तर पिना चुलीतल्या तव्यासारख्या काळ्या. ग्राउंडसाठी जामात आठ पिना आहेत: १, २, ए, बी आणि दुसऱ्या टोकाला २७, २८, छोटी ई, छोटी एफ. या पेटीच्या जोडात कोणीतरी फक्त एकाच पिनेला वायर लावली होती, तीही स्पीकरच्या वायरीएवढी बारीक. अ‍ॅम्प्लिफायरचा आणि बोर्डाचा सगळा करंट तिच्यातून.

पिना शाळेच्या खोडरबराने घासल्या, पोरं पेन्सिल खोडतात त्या मऊ रबराने. सॅंडपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. आठही पिनांना वायरी जोडल्या आणि त्या सगळ्या एका जाड वायरीने सप्लायला नेल्या. पाच व्होल्टच्या ३, ४, सी आणि डी या पिनांचंही तेच.

आणि यानंतरची एक गोष्ट न केल्यामुळे बोर्ड जळतात. आधी कोणीतरी चित्र डळमळतं म्हणून सप्लायचा पाच व्होल्टचा प्रीसेट फिरवून ५.३ करून ठेवला होता. काळ्या पिनांमुळे बोर्डापर्यंत पोचत होते ४.६५. बोर्डावरच्या टीटीएल जातीच्या आयसीला ४.७५ ते ५.२५ हवेत. पिना साफ झाल्यावर तेच ५.३ जसेच्या तसे बोर्डावर जातात. म्हणून बोर्ड जोडायच्या आधी प्रीसेट उलटा फिरवून खाली आणा, मग बोर्ड जोडून बोर्डावरच्याच एखाद्या आयसीच्या पायांवर मोजत हळूहळू ५.०५ पर्यंत चढवा. सप्लायच्या टर्मिनलवर मोजून समाधान मानू नका.

तुमच्या पेटीत आवाज आणि मान यांचा संबंध नसेल तर दुखणं वेगळं आहे. थोडक्यात सांगतो.

चित्र पूर्ण गोल गोल पळतं, थांबतच नाही: सिंक पोचतच नाहीये, किंवा जामाचं अक्षर मोजताना चुकलंय. पी ऐवजी शेजारची पिन पकडली जाते.

चित्र येतं पण रंग आठच, मधल्या छटा नाहीत, मुस्तफाचा चेहरा रंगवलेल्या पाटीसारखा: त्या किटमध्ये आकडे दाखवायची वाट फक्त चालू-बंद एवढंच समजते. प्रीसेट कितीही फिरवा, छटा येणार नाहीत. दुसरं किट शोधा.

उजळ भागाच्या उजवीकडे रंग ओघळतो: रंगांची पातळी जास्त आहे. ०.७ वर आणा. तरी ओघळ राहिला तर ट्यूब थकलीय, आणि ट्यूबला औषध नाही.

एक रंग सगळीकडे पसरलेला, काळंही हिरवट: त्या रंगाच्या वाटेतला १०० नॅनोफॅरडचा कंडेन्सर फुटलाय, किंवा मुळात टाकलाच नाही. काही आयसींना तो लागतो, काहींना नाही. याचंही उत्तर डेटाशीटमध्येच.

दर दहा-पंधरा मिनिटांनी टीव्ही आपोआप बंद: टीव्हीला वाटतंय की सिग्नल नाही, म्हणून तो झोपी जातोय. निळा पडदा आणि आपोआप बंद या दोन्ही सोयी मेनूत जाऊन बंद करा. तरी झालं तर पुन्हा सिंकच अशक्त आहे. हेही आम्ही पाहिलंय, आणि तिथेही दोन ७५ ओमचाच घोटाळा निघाला.

आपल्याकडच्या गावांत आणखी एक त्रास आहे, आणि तो दोष नसून सवय आहे. लाइन दिवसात सहा वेळा जाते. परत आली की काही टीव्ही स्टँडबायवर राहतात, काही चॅनल १ वर जाऊन खरखर दाखवतात, आणि रिमोट असतो काकांच्या घरी. यासाठी टीव्हीच्या पुढच्या पट्टीवरच्या पॉवर आणि एव्ही या दोन बटणांना समांतर वायरी काढून दोन साधे पुशबटण पेटीच्या मागे लावून द्या. किट निवडतानाच बघा: लाइन काढून परत दिल्यावर जे किट स्वतःहून आधीच्याच एव्हीवर उठतं, ते सोन्याचं. मी आता भंगारात टीव्ही घेताना आवाज-चित्र नंतर बघतो, आधी प्लग तीनदा काढून लावतो.

काकांची पेटी पुढे जत्रा संपेपर्यंत दुकानात आली नाही. फेब्रुवारीत आली ती जॉयस्टिकचा मायक्रोस्विच तुटला म्हणून. तपासताना मी आवाज पूर्ण ठेवला आणि मागच्या खोलीतून आई ओरडली.